काचेवरचं कुंकू

धुळे जिल्ह्यात पिस्तूल धरणाऱ्या बाया किती होत्या? पोलिसातल्या सोडा, त्यांना सरकार देतं. आपल्या हौसेनं, आपल्या जिवावर धरणारी एकच होती. नरडाण्याजवळच्या पुना पाटलाची पोर झुंबर. ज्याला खोटं वाटेल त्यानं नरडाण्याच्या स्टेशनावर उतरावं आणि पहिल्या टपरीवर नुसतं नाव घ्यावं. चहावाला हातातलं काम टाकून बोलायला लागेल, मागून येणारी गाडी चुकली तरी त्याचं संपणार नाही.

पुना पाटलाकडं ठासणीची बंदूक होती, भुईमुगात डुकरं शिरायची म्हणून परवान्याची. रात्री माळ्यावर पोरगी बापाजवळ बसायची. बाप नेम धरायचा आणि ही बाजूनं कुजबुजायची, "आबा, जराशी डावीकडं." एकदा बाप चिडला. "तुले एवढं समजस तं तूच मार ना!" तिनं मारलं. डुक्कर जागीच आडवं. दुसऱ्या दिवशी गावात कुणाचा विश्वास बसेना, सगळे म्हणाले वनानं मारलं असेल. वना म्हणजे झुंबरचा मोठा भाऊ. त्यानं चावडीवर उभं राहून सांगितलं, "मी नही. मन्ही बहीणनी मारं." तेव्हापासून तो हेच सांगत आला. त्याचा स्वतःचा नेमही काही वाईट नव्हता, पण नेमाला थांबावं लागतं आणि वनाला थांबणं जमायचं नाही. अशा माणसानं ट्रक चालवावा, तो त्यानं चालवला. सावद्याची केळी भरून दिल्लीला न्यायची आणि एक घड काळा पडू द्यायचा नाही, याला काय कमी अक्कल लागते?

झुंबर धुळ्यात देवपुरात दिली. नवरा भिकन एसटीच्या वर्कशॉपात, शांत माणूस. बायको बंदूक चालवते म्हणून कुणी हसलं तर तोही हसायचा आणि म्हणायचा, "म्हणून तर आमच्या घरात भांडण नाही." ती होमगार्डमध्ये गेली, नेमबाजीत बक्षिसं आणली. तिच्या मांडणीवरचे निम्मे स्टीलचे डबे बक्षिसाचे होते. डाळ काढायला गेलं तरी हाताला बक्षीस लागायचं. पुढं मुलींच्या एका शाळेत शिपाईण म्हणून लागली. शाळेला कुठल्याशा योजनेतून हवेची पिस्तुलं मिळाली होती, छर्रा मारायची. ती कपाटात गंजत होती. झुंबरनं ती काढली, तेल दिलं आणि संध्याकाळी मैदानामागच्या शेडमध्ये पोरींना शिकवायला लागली. घंटा वाजवणारीच नेम शिकवते याचं पोरींना काही वाटलं नाही. उलट घंटा झाली की पोरी तिच्या आधी शेडमध्ये पोचायच्या.

सगळं झकास चाललं होतं, आणि तिला चाळिशी लागली.

लोकांना चाळिशी लागते तेव्हा पंचांग दिसत नाही, सुईत दोरा जात नाही. झुंबरला पिस्तुलाची माशी दिसेना. माशी म्हणजे नळीच्या टोकावरचं ते बारीक टोक. मागच्या खाचेतून ती माशी बघायची आणि तिच्यावर कागदाचा काळा गोल बसवायचा. चष्मा लावला की माशी दिसायची पण कागद धुरात जायचा. चष्मा काढला की कागद लख्ख, पण माशी सुरवंटासारखी केसाळ. छर्रे कागदभर फिरायला लागले. पोरी काही बोलल्या नाहीत. पोरी बोलत नाहीत तेव्हा जास्त लागतं.

त्यात शहाण्णव साली मोठ्या बाईंनी तिला ऑफिसात बोलावलं.

"झुंबरबाई, आता शिकवणाऱ्याकडं क्लबचा दाखला लागणार. जळगावच्या रायफल क्लबात परीक्षा आहे, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी. पास झालात तर वर्ग तुमचा."

"आणि नाही झाले तर?"

मोठ्या बाई चांगल्या होत्या, त्यांनी खोटं सांगितलं नाही. "तर पिस्तुलं परत कपाटात. दुसरं कोण आहे आपल्याकडं?"

झुंबर घरी आली, पीठ मळायला बसली आणि मळतच राहिली. भिकन म्हणाला, "अगं, त्याची पोळी करायची आहे ना?"

परीक्षेत कुणाला हरवायचं नव्हतं. शिकवणाऱ्यानं आपल्या हत्यारावरचा नेम स्वतः जुळवून दाखवायचा आणि मग उभं राहून छर्रे एका जागी गोळा करून दाखवायचे, एवढंच. दहा वर्षांपूर्वी तिनं हे भाकरी थापता थापता केलं असतं.

इकडं वना सावद्याला केळीच्या वखारीत बसून बहिणीची तारीफ करत होता. तो बसेल तिथं हेच चालायचं. लोक ट्रकच्या मागं आईबापाचं नाव घालतात, यानं पेंटरकडून पिस्तूल काढून घेतलं होतं आणि खाली लिहिलं होतं, 'बहीण झुंबर'. दिल्लीपर्यंतचे ढाबेवाले विचारायचे, ये झुंबर कौन है? मग वना जेवण थंड होईपर्यंत सांगायचा.

वखारीचे मालक बन्सीलालशेठ कंटाळून उठले आणि कपाटातून एक काळी नळी घेऊन आले. करंगळीपेक्षा जाड, हातभर नव्हे, वीतभरही नाही. दोन्ही बाजूंनी काच.

"एवढी नेमबाज ना तुझी बहीण? मग हे बसवून दाखव म्हणावं. जावयानं परदेशातून आणलं. आत लाल ठिपका दिसतो. ठिपका ठेवायचा आणि मारायचं, म्हणे. मी बागेतल्या वानरांना नुसतं भेवडावायला लावलं एअरगनवर. छर्रा डावीकडं गेला, स्क्रू उजवीकडं फिरवला. मग वर गेला, खाली फिरवला. दिवसभर फिरवत बसलो. वानरं समोर बसून माझीच केळी खात बघत होती."

"त्यात माशी लागत नाही?" वनानं विचारलं.

"काही लागत नाही. नुसता ठिपका. घेऊन जा, मला डोळ्यासमोर नको."

वनाला बाकी काही कळलं नाही, पण माशी लागत नाही एवढं कळलं, आणि तेवढंच कळायला हवं होतं. केळी भरायची सोडून त्यानं ट्रक आधी धुळ्याला आणला. असा भाऊ सगळ्यांना नसतो.

भिकननं वर्कशॉपातून सुटल्यावर अॅल्युमिनियमची पकड बनवली आणि नळी तिनं शाळेतून आणलेल्या पिस्तुलावर बसवली. झुंबरनं उजवा डोळा लावला, डावा मिटला, जसं लहानपणापासून करत आली तसं. आत खरंच लाल ठिपका होता, डाळिंबाच्या दाण्यासारखा. पण तिनं ठिपक्याकडं बघितलं की कागद पुसट व्हायचा, आणि हात इतकासा हलला की ठिपका कुठच्या कुठं पळायचा. ती त्याच्यामागं पळायची. तीस वर्षांची सवय, जवळचं टोक बघायचं. छर्रे पुन्हा कागदभर.

"शेठचं खरं होतं," ती म्हणाली आणि पिस्तूल खाली ठेवलं.

वना खाटेवर पडून बघत होता. "तू काय दखी ऱ्हायनी?"

"ठिपका."

"कसाले?"

"कसाले म्हणजे? तोच तर बघायचा आहे, भाऊ!"

वना उठून बसला. "मन्हा गाडीना काचवर गणपती चिकटाडेल शे. मी गाडी चालाडतांना गणपतीकडे दखस का? मी रस्ताकडे दखस. गणपती दखास आपोआप. आणि एक डोळा मिटीसन कोणी गाडी चालाडस का, येडी?"

झुंबर पुन्हा कागदासमोर उभी राहिली. मग तिनं पिस्तूल उचललं, दोन्ही डोळे उघडे ठेवले आणि नुसतं कागदाकडं बघितलं. ठिपका आपणहून येऊन कागदावर बसला. चष्मा नाही, सुरवंट नाही. लांबचं तर तिला लख्खच दिसत होतं.

हे वनानं शिकवलं. पुढं कुणी काही का म्हणेना, हे लक्षात असू द्या.

मग नेम जुळवायला बसली. बाजरीची पिशवी भरून तिच्यावर हात टेकवला, कागदामागं जुन्या लुगड्यांनी ठासलेलं खोकं लावलं. पहिला छर्रा डावीकडं खाली लागला.

"फिरव स्क्रू!" वना ओरडला.

"थांब."

"अरे दखास ना, डावीकडे गया!"

"एक छर्रा खोटं बोलतो, भाऊ. चार-पाच जणांना बोलू दे, मग कळेल खरं काय ते." तिनं अजून चार मारले. सगळे डावीकडं खाली, एका मुठीत मावतील असे. त्या घोळक्याचा मध्य तिनं बोटानं धरला, नळीवरच्या दोन बारीक स्क्रूंची टोपणं काढली आणि नाण्यानं फिरवलं. एक स्क्रू आडवा सरकवायचा, एक उभा. स्क्रूवर कोरलेल्या बाणाकडं फिरवला की छर्रा बाणाकडं जातो. पुन्हा घोळका. पुन्हा थोडं. शेठ प्रत्येक छर्‍यामागं धावले आणि वानरांना तमाशा दाखवून बसले. झुंबरनं दिवा लागायच्या आत ठिपका आणि छर्रा एका जागी आणले. त्या दिवसापासून ती पुन्हा गुणगुणत घंटा वाजवायला लागली.

दसऱ्याला सगळे गावी आले. दुसऱ्या दिवशी वना तिला ट्रकनंच जळगावला नेणार होता. झुंबरनं पिस्तूल लाकडी पेटीत, पेटी पिशवीत आणि पिशवी माजघरात ठेवली. "पूजेला पेटी ठेवा फक्त. उघडू नका," असं वहिनीला, कलाबाईला सांगून ती देवळात गेली.

आता दसऱ्याला ट्रकवाल्याच्या दारात काय असतं ते ज्यानं बघितलं नाही त्याला सांगून उपयोग नाही. ट्रक धुतलेला, झेंडूच्या माळा, चाकाखाली लिंबू, बॉनेटवर स्वस्तिक. पाना, जॅक, टॉमी, सगळं ओळीनं मांडलेलं. आणि उद्या ज्या हत्यारावर बहिणीची परीक्षा, ते अंधाऱ्या माजघरात पेटीत? वनाला हे पटेल का? तुम्हाला पटलं असतं का?

"अहो, उघडू नका म्हणल्या ताई," कलाबाई म्हणाली.

"देवले पेटी दखाडू का? हत्यार दखाडनं पडस."

त्यानं पिस्तूल काढून बॉनेटवर ठेवलं. बाटलीतलं ओलं कुंकू घेतलं, पान्याला लावलं, जॅकला लावलं आणि नळीच्या पुढच्या काचेवर भरगच्च बोट टेकवलं. कुंकू ओघळलं. ते त्यानं खांद्यावरच्या फडक्यानं पुसलं. फडकं ग्रीसचं होतं. वर नारळाचं पाणी शिंपडलं. पुसताना स्क्रूंची टोपणं निघाली होती, खालचे स्क्रू त्याला सैल वाटले. तीस वर्षं ज्याचा हात सैल नट दिसला की आपोआप आवळतो त्यानं काय करावं? आवळले. दोन्ही, शेवटपर्यंत. मग टोपणं लावून, नमस्कार करून पिस्तूल पेटीत ठेवलं.

झुंबर आली, पेटीवर आपट्याचं पान ठेवलं, हात जोडले. उघडून बघितलं नाही. आदल्या दिवशीच तर बघितलं होतं.

सकाळी ट्रक निघाला. पारोळा गेलं, एरंडोल गेलं. वना वाटभर बोलत होता. जळगावात क्लबच्या मैदानावर अख्खा ट्रक, माळांसकट, आत घातला. बाकीचे उमेदवार बहुतेक खेळाचे मास्तर, स्कूटरवर आलेले. परीक्षा घ्यायला यादवराव होते, फौजेतून निवृत्त झालेले, कमी बोलणारे.

झुंबरनं पेटी उघडली आणि हाताला चिकट लागलं. तिनं घाईत एक डोळा मिटून नळीतून बघितलं. कागद नाही, मैदान नाही, समोरचं काही नाही. पुढच्या काचेवर काळपट लाल लगदा.

एक मास्तर वाकून म्हणाला, "ताई, पिस्तुलाचं लग्न लावून आणलं की काय?" दोघं-तिघं हसले.

झुंबर सरळ मागं वळली. "भाऊ. तू काय करं?"

"काय करं? पूजा करी."

"आणि?"

"आणि काय... स्क्रू ढिला व्हतात. आवळी दिन्हात."

तिनं पदर ओला करून काच पुसली. कुंकू आणि ग्रीस एक झाल्यावर पाण्यानं जात नाही. ते सगळीकडं सारखं पसरलं, एवढंच झालं.

"डिझेल आणू का? डिझेलनी निघस."

"आता हात लावशील तर बघ!" ती इतक्या जोरात ओरडली की यादवराव चालत आले.

"काय अडचण आहे?"

"दसरा होता साहेब," ती म्हणाली. दुसरं काय सांगणार?

यादवरावांनी काच बघितली, ट्रक बघितला, बॉनेटवरचं स्वस्तिक बघितलं. "दुसरं पिस्तूल देऊ? साधं, माशीचं?"

साधं, माशीचं. म्हणजे सुरवंट. झुंबरला शेडमधल्या पोरी दिसल्या, गप्प उभ्या असलेल्या. "नको. मला नेम जुळवायला वेळ मिळतो ना?"

"सगळ्यांना मिळतो."

ती टेबलाशी बसली. बाजरीची पिशवी घरून आणली होतीच. सवयीनं तिनं हात टेकवून पिस्तूल डोळ्यासमोर धरलं, दोन्ही डोळे उघडे, कागदाकडं नजर. आणि ती थांबली. ठिपका दिसत होता. काचेआड अंधार होता, पण त्या अंधारात ठिपका उलट जास्तच स्वच्छ पेटला होता, आणि तो कागदावर बसला होता. तिनं डावा डोळा मिटला. कागद गेला, नुसता ठिपका. उघडला. कागद आला आणि ठिपका त्याच्यावर. उजवा डोळा ठिपका बघत होता, डावा कागद, आणि दोघांचं मिळून एकच चित्र होत होतं. पुढची काच उघडी आहे की बंद, याच्याशी त्याला घेणंदेणंच नव्हतं.

तिच्या तोंडून हसू फुटलं. वनाला वाटलं बहिणीच्या डोक्यावर परिणाम झाला.

तिनं टोपणं काढली. भावानं आवळलेले स्क्रू आधी मागं घेऊन अंदाजानं मधोमध आणले. मग मारलं. छर्रा कागदाच्या बाहेर, वर, जरा उजवीकडं, फळीत.

"फिरव ना!" मागून वना.

"भाऊ, गप."

दुसरा मारला, तिसरा, चौथा. सगळे फळीत. मास्तर लोक एकमेकांकडं बघायला लागले. पण झुंबर कागद बघतच नव्हती, फळी बघत होती. फळीतली भोकं एकमेकांच्या मांडीला मांडी लावून बसली होती. घोळका खरं बोलत होता, फक्त चुकीच्या घरी. तिनं मध्य धरला आणि नाण्यानं भरपूर फिरवलं, खाली, आणि जरा डावीकडं. पुढचा घोळका कागदाच्या कोपऱ्यात आला. पुन्हा फिरवलं, आता हळू, भाजीत मीठ टाकावं तसं. पुढचा काळ्या गोलाच्या कडेला. अजून चिमूटभर. मग गोलात.

"उभ्या राहा," यादवराव म्हणाले.

ती उभी राहिली. टेकायला काही नाही, एक हात पुढं, बस. वना मागं उभा होता आणि आयुष्यात पहिल्यांदा बोलत नव्हता. ट्रक उतारावर सुटलाय आणि ब्रेक दुसऱ्याच्या पायात आहे, असं त्याचं झालं होतं. झुंबर मात्र कागदाकडं बघत होती. ठिपका हलत होता, हलू दिला. तो घरी आला की बोट दाबत होती.

यादवरावांनी कागद काढून आणला. सगळे छर्रे चहाच्या कपाच्या तोंडात मावतील इतक्या गोलात. एकच बाहेर होता, तोही उंबऱ्यावर.

"समोर दिसत नसताना मारलं कसं?" त्यांनी विचारलं. त्यांना माहीत होतं, तिला माहीत आहे का ते बघत होते.

तिनं सांगितलं. डावा डोळा, उजवा डोळा, ठिपक्याकडं बघायचं नाही. सांगताना हातानं दाखवलं, शेडमध्ये पोरींना दाखवते तसं. ते मास्तरही जवळ येऊन ऐकायला लागले, आणि लग्नाचं विचारणारा म्हणाला, "ताई, जरा मला बघू द्या." त्यानं बघितलं आणि "आयला!" म्हणाला.

यादवरावांनी सही केली. "हे कळायला काहींना वर्षं जातात. पोरींना पहिल्याच दिवशी शिकवा."

परत येताना वना पारोळ्यापर्यंत कसाबसा गप्प बसला. मग म्हणाला, "एक गोट सांगू? मी कुंकू लावं म्हणून व्हयनं."

झुंबरनं त्याच्याकडं बघितलं. दाखला तिच्या मांडीवर होता, खिडकीतून वारा येत होता, माळेतल्या झेंडूची पाकळी त्यावर येऊन पडली होती.

"आणि स्क्रू आवळले म्हणून?"

"ते बी. नही तं तुले परीक्षामा करी दखाडाले काय ऱ्हायतं? जुळेलच व्हतं बठ्ठं!"

ती इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं. खरं सांगायचं तर त्याच्या बोलण्यात चूक काढून दाखवा. बाकीच्या सगळ्यांनी जुळलेल्याला पुन्हा जुळवल्यासारखं केलं. शून्यातून जुळवून दाखवली ती एकटीनं.

काच पुढं भिकननं रॉकेलच्या बोळ्यानं साफ केली. दर दसऱ्याला आता पेटीला कुलूप असतं आणि किल्ली झुंबरच्या कमरेला. वना पेटीलाच कुंकू लावतो आणि कुरकुरतो.

शेडमध्ये मात्र नवी पोर आली की झुंबर अजून तेच करते. कपाळावरची लाल टिकली काढते, नळीच्या पुढच्या काचेवर चिकटवते आणि पिस्तूल तिच्या हातात देते. पोर एक डोळा मिटून बघते.

"बाई, समोरचं काहीच दिसत नाही!"

"दुसरा उघड," झुंबर म्हणते.